बाप्तिस्मा व्हायचाय, तोवर मिस्सेत काय करायचं?

कॅथलिक व्हायची तयारी चालू आहे, रविवारी मिस्सेला (चर्चमधल्या उपासनेला) जाताय, पण कम्युनियनची, म्हणजे पवित्र भाकर घ्यायची लाइन लागली की गोंधळ उडतो ना? बाप्तिस्मा होईपर्यंत कम्युनियन घ्यायचं नाही, हे एक पक्कं, बाकी जवळपास सगळ्यात भाग घेता येतो. गाणी म्हणा, फादरच्या प्रार्थनांना सगळ्यांबरोबर उत्तरं द्या, गुडघे टेका, आत शिरताना पवित्र पाण्यात बोट बुडवून क्रुसाची खूण करा, राखेच्या बुधवारी (ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू होतो त्या दिवशी) कपाळावर राखही घ्या, कोणी अडवत नाही.

लाइनच्या वेळी जागेवर बसून राहिलात तरी चालतं, फक्त बाकाच्या कडेला असाल तर पाय आवरून आतल्यांना वाट द्या. काही ठिकाणी दोन्ही हात छातीवर क्रॉस करून पुढे गेलं की फादर आशीर्वाद देतात, पण ही पद्धत सगळीकडे नाही, त्यामुळे आधी विचारून घ्या (मला विचाराल तर बसून राहणं जास्त सोपं).

कन्फेशनचं, म्हणजे फादरपुढे पापं कबूल करायचं टेन्शन नको, बाप्तिस्म्यातच सगळी पापं धुतली जातात. मात्र प्रोटेस्टंट चर्चमधे आधीच वैध बाप्तिस्मा झाला असेल तर तो परत देत नाहीत, आणि मग कॅथलिक चर्चमधे घेण्याआधी कन्फेशन करावं लागतं, म्हणून त्या बाप्तिस्म्याचा दाखला पहिल्याच भेटीत फादरना दाखवा.

वसईच्या चर्चेसमधे मराठी मिस्सा सहज मिळते, उत्तरं ऐकून ऐकूनच पाठ होतात. मोठ्यांचा बाप्तिस्मा शक्यतो ईस्टरच्या आदल्या रात्री होतो, त्यामुळे तयारी बरेच महिने आधी सुरू करावी लागते.