अ‍ॅक्सिस घसरतो तो मशीनमध्येच

चष्म्याच्या काचा कापायला शिकणाऱ्यांसाठी हे. लेन्सोमीटर (काचेचा नंबर मोजायचं यंत्र) वाचता येतो, पीडी (दोन बुबुळांमधलं अंतर) घेता येते, असं धरून लिहितोय. 52-18 ची फ्रेम (काच 52 मिमी रुंद, नाकावरचा पूल 18) आणि 62 पीडी असेल तर प्रत्येक काच 4 मिमी नाकाकडे घ्यायची, हे गणित लवकर हाताला बसतं. नव्या माणसाला रडवतो तो सिलिंडरचा (तिरकस नंबराचा) कोन, म्हणजे अ‍ॅक्सिस.

लेन्सोमीटरचे तीन टिपके बरोबर पडले, ब्लॉक (काच मशीनमध्ये धरून ठेवणारा तुकडा) सरळ लागला, तरी कापलेली काच 180 अंशांऐवजी 175 दाखवते. मग आपण मार्किंगला दोष देत बसतो. मार्किंग बरोबरच असतं, काच मशीनमध्ये फिरलेली असते. पाणी-तेल न धरणारं कोटिंग इतकं गुळगुळीत असतं की ब्लॉकचा चिकट पॅड तिथे पकड घेत नाही. फ्रेम आडवी, रुंद असेल तर लांबच्या कोपऱ्यावर काच घासणाऱ्या चाकाचा रेटा बसतो आणि काच पॅडवर सरकते. चाक बोथट असेल तर आणखीच. -2.00 सिलिंडर 5 अंश फिरला की साधारण 0.35 चा सिलिंडर चुकीचा उरतो, आणि गिऱ्हाईक डोकं धरून परत येतं. अमेरिकी मानकात 1.50 च्या वरच्या सिलिंडरला जेमतेम 2 अंशांची सूट आहे.

म्हणून काच कोरडी पुसून आधी अँटी-स्लिप स्टिकर, त्यावर पॅड. पॅड दरवेळी नवा. वापरलेला पॅड पुन्हा लावायला सांगणाऱ्याचं अजिबात ऐकू नका, त्यात काचच जाते. ब्लॉकच्या कडेवरून काचेवर मार्करची एक सरळ रेघ ओढा. आधी 2 मिमी मोठी कापा, रेघ बघा. रेघ तुटलेली दिसली तर तिथेच थांबा. काच मोठी आहे तोवर पुन्हा ब्लॉक करून बहुतेक वेळा वाचते. मापात कापून झाली की फक्त गोल फ्रेममध्येच फिरवून घेता येते.

दुरुस्तीत एकच सांगतो: शेल (प्लास्टिकची) फ्रेम तापवण्याआधी काच काढा. उष्णतेने काच फुगते, वरचं अँटी-रिफ्लेक्शन कोटिंग तेवढं ताणत नाही, आणि कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा पडतात. त्या पुसून जात नाहीत. पॉलिकार्बोनेटच्या काचेला अ‍ॅसिटोन तर लावूच नका.

सुरुवातीला काचा जातात, सगळ्यांच्याच जातात, घाबरू नका. साध्या सीआर-39 (नेहमीची प्लास्टिकची काच) वर हात बसवा. उस्ताद निवडताना त्याची मशीन किती भारी आहे ते बघू नका. बिघडलेली काच लेन्सोमीटरखाली धरून ती का गेली हे जो समजावतो, त्याच्याकडे पगार थोडा कमी असला तरी राहा.