भजनी ठेका आणि जॅझ: एकत्र वादन करू पाहणाऱ्या नवोदितांसाठी

भंडारा, गोंदिया आणि गडचिरोली या पट्ट्यात क्लॅरिनेट व सॅक्सोफोन ही वाद्ये लग्नाच्या बँडमुळे गावोगावी ओळखीची आहेत. मी स्वतः अशाच एका बँडपार्टीत क्लॅरिनेट शिकलो, पुढे शहरात राहून अल्टो सॅक्सोफोनवर जॅझचे शिक्षण घेतले आणि आता साकोली-लाखांदूर परिसरातील भजनी मंडळांसोबत जॅझ वादकांच्या बैठका घडवून आणतो. या कामात येऊ इच्छिणारी मुले बहुधा विचारतात की, आधी कोणते राग आणि कोणते कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वरसमूह) शिकावेत. षड्ज (पायाचा ‘सा’) कोणाचा आणि आवर्तन (तालाचा एक पूर्ण फेरा) कोणाच्या हातात, हे त्याआधी ठरवायला शिकावे, असे मी त्यांना सांगतो. लोककलावंतांसोबत बसताना या दोन्ही गोष्टी त्यांच्याकडेच असाव्यात, असे माझे ठाम मत आहे.

जॅझच्या इतिहासात लोककलावंतांचा ठेका उचलून नेण्याची आणि सहवादकांशी जुळवून घेण्याची, अशा दोन्ही वाटा दिसतात. जॅझ पियानोवादक डेव्ह ब्रुबेक १९५८ साली तुर्कस्तानात गेले असता त्यांनी रस्त्यावरील वादकांकडून नऊ मात्रांचा, दोन-दोन-दोन-तीन अशा विभागणीचा ठेका ऐकला आणि त्यावर आपल्या चौकडीसाठी रचना बांधली. ती रचना उत्तमच आहे. परंतु ज्यांचा ठेका घेतला ते वादक तिच्यात नाहीत. १९७० च्या दशकात ‘शक्ती’ या गटात झाकीर हुसेन, एल. शंकर आणि विक्कू विनायकराम या भारतीय वादकांसोबत बसणाऱ्या जॅझ गिटारवादक जॉन मॅकलॉफ्लिन यांनी मात्र आपले गिटारच बदलून घेतले. गमक (स्वराचे आंदोलन) निघावी म्हणून त्याच्या पडद्यांमधील लाकूड खोलगट कोरलेले होते आणि झंकारासाठी जादा तारा बसवलेल्या होत्या. सहवादनाला किती तयारी लागते, हे नवोदिताला त्या गिटारवरून कळावे.

आमच्याकडील मंडळांत पट्टी, म्हणजे षड्जाची उंची, गाणाऱ्या बुवांच्या गळ्यावर ठरते. ती काळी एक (हार्मोनियमची पहिली काळी पट्टी) असेल, तर ही वाद्ये बोटांनी धरलेल्या स्वरापेक्षा खालचा स्वर देत असल्याने बी-फ्लॅट क्लॅरिनेट किंवा टेनर सॅक्सोफोन वाजवणाऱ्याला आपल्या वाद्यावर काळी दोनचा आणि अल्टोवाल्याला काळी पाचचा षड्ज धरावा लागतो. हा बदल कागदाविना, बाराही स्वरांतून करता येईपर्यंत बैठकीला जाऊ नये. कारण बुवांना पट्टी बदलायला सांगणे म्हणजे आपल्या बोटांच्या सोयीसाठी त्यांच्या गळ्याला ताण देणे होय. जुनी हार्मोनियम ४४० हर्ट्झच्या प्रचलित मापाला जुळेलच असे नाही आणि तिचे सूर ऐन बैठकीत बदलता येत नाहीत, म्हणून माउथपीस आत-बाहेर सरकवून आपणच तिच्याशी जुळवून घ्यावे. पौषातील थंडीत फुंकीची वाद्ये उतरतात. डफडेवाले तणसाच्या जाळावर चामडे तापवत असतात, तेवढ्या वेळात आपणही वाद्य फुंकून गरम करून घ्यावे.

लयीचा प्रश्न याहून खोल आहे. भजनी ठेका आठ मात्रांचा असतो आणि जॅझवादकांच्या नेहमीच्या बारा बारच्या ‘ब्लूज’ या रचनाप्रकारात (एक बार म्हणजे चार मात्रा) अठ्ठेचाळीस मात्रा असतात, म्हणजे बरोबर सहा आवर्तने. पाचव्या आणि नवव्या बारवरील कॉर्डचे बदल समेवर (आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर) येतात, तर दहाव्या बारचा बदल पाचव्या मात्रेवर, खालीच्या जागी पडतो. हे गणित मनाला फार आनंद देते. परंतु बुवा ध्रुवपदाची ओळ रंगेल तितक्या वेळा घोळवतात आणि बारा बारांची चौकट तिथेच मोडते. त्यामुळे बार मोजण्याचा नाद सोडून, ध्रुवपदाचा मुखडा परत आला की आपले वादन थांबवायचे किंवा सुरू करायचे, हीच खूण मी पाळतो. शिवाय जॅझमधील बास (खालच्या स्वरांचे तंतुवाद्य) व ड्रमवाल्यांना लय जागेवर ठेवण्याची शिकवण असते, तर भजनाची लय सभेच्या उत्साहासोबत चढत जाते. ती रोखून धरणारा ड्रमवादक कितीही तयारीचा असला तरी मंडळाचा विरस करतो. त्याने काठ्या बाजूला ठेवून ब्रश घ्यावेत, दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर हाय-हॅट (पायाने वाजवायच्या झांजा) वाजवण्याची सवय आवरावी आणि झांजेच्या मागे चालावे.

स्वरांच्या बाबतीत दोन्ही परंपरा सहज जवळ येतात. भूप रागाचे पाच स्वर हीच पाश्चात्त्यांची मेजर पेंटाटॉनिक (पाच स्वरांची पंक्ती), धानी रागाचे पाच स्वर हीच मायनर पेंटाटॉनिक, आणि धानीत तीव्र मध्यम मिळवला की ब्लूजची स्वरपंक्ती होते. मात्र बासवाल्याने कॉर्डनुसार पायाचा स्वर हलवला की ऐकणाऱ्याला षड्जच सरकल्यासारखा वाटतो. प्रारंभी बासने षड्ज-पंचम धरून राहावे. जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांनी १९५९ मध्ये काफी थाटाच्या स्वरांवर सोळा-सोळा बार न हलता कसे वाजवले, ते ऐकल्यास थोड्या सामग्रीत किती मावते याची कल्पना येते.

शिक्षणासाठी गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा हा आपल्याकडील सोयीचा मार्ग आहे. गोंदियाकडील विद्यार्थ्यांना खैरागडचे इंदिरा कला संगीत विश्वविद्यालयही जवळ पडते. जॅझ मात्र ध्वनिमुद्रणे ऐकून, एकेक सोलो (एकल वादन) कानाने उतरवूनच येतो.

व्यवहाराबद्दल स्पष्ट लिहिणे मला आवश्यक वाटते. येथील बहुतेक वादक शेती करतात; धानाची कापणी-मळणी चालू असताना त्यांना बोलावू नये आणि दिवाळीनंतर झाडीपट्टीच्या (पूर्व विदर्भातील या भागाच्या) नाटकांचा हंगाम सुरू झाला की त्यांच्या तारखा विचारूनच आपली बैठक ठरवावी. मानधन शहरातील वादकाइतकेच द्यावे आणि ध्वनिमुद्रणावर झांजवाल्यासह प्रत्येकाचे नाव घालावे. कोणतेही भजन सरसकट ‘पारंपरिक’ म्हणून नोंदवू नये. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे निर्वाण १९६८ साली झाले आणि आपल्या कायद्यानुसार लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षे स्वामित्वहक्क टिकतो. म्हणजे त्यांच्या हयातीत प्रकाशित झालेल्या भजनांवर तो २०२८ अखेरपर्यंत आहे. अशी रचना ध्वनिमुद्रित करण्यापूर्वी हक्कधारकांची परवानगी लेखी घ्यावी आणि तिची एक प्रत मंडळाकडेही ठेवावी.