स्लायडर सरकतोय, मास्क मात्र काळाच

ओपनसीव्ही या चित्रं हाताळणाऱ्या लायब्ररीत वेबकॅमवरून रंग वेगळा काढायचा प्रोग्राम पहिल्यांदा करताय ना? फ्रेम एचएसव्हीत, म्हणजे ह्यू (रंगछटा), सॅच्युरेशन (गडदपणा) आणि व्हॅल्यू (उजळपणा) या तीन आकड्यांत बदलणं, इनरेंजने मास्क काढणं, म्हणजे मर्यादांत बसणारा रंग पांढरा आणि बाकी सगळं काळं करणं, तुम्हाला जमत असेलच. मलाही जमत होतं. तरी ऐरोलीतल्या खोलीवर दोन रात्री मी डब्याचं हिरवं झाकण कॅमेऱ्यासमोर धरून बसलो होतो. तिन्ही आकड्यांच्या खालच्या-वरच्या मर्यादांचे सहाही स्लायडर सरकत होते, आकडे बदलत होते, आणि मास्कची खिडकी काळीकुट्ट. आधी कॅमेऱ्यावर संशय घेतला, मग ट्यूबलाइटवर. रडकुंडीला आलो होतो.

चूक अशी होती: गेटट्रॅकबारपॉझच्या, म्हणजे स्लायडरचा आकडा विचारणाऱ्या, सहाही ओळी मी दर फ्रेमला फिरणाऱ्या व्हाइल लूपच्या वर लिहिल्या होत्या. हे नीट समजून घ्या. ते फंक्शन व्हेरिएबल स्लायडरला बांधून ठेवत नाही. विचारलं त्या क्षणी स्लायडर कुठे होता, तेवढा आकडा देतं आणि मोकळं होतं. लूपच्या आधी एकदाच विचारलं, तर पुढे स्लायडर कितीही ओढा, व्हेरिएबलमध्ये तोच शिळा आकडा. माझे सगळे स्लायडर शून्यावर सुरू होत होते. खालची मर्यादा शून्य, वरचीही शून्य. त्यात हिरवं झाकण कुठून सापडणार? त्या सहा ओळी लूपच्या आत, इनरेंजच्या आधी हव्यात. दर फ्रेमला नव्याने विचारायचं.

स्लायडर तयार करायच्या ओळी मात्र बाहेरच, एकदाच. घाईत मी त्याही आत ढकलल्या, तर स्लायडर सारखा मूळ जागी परतायला लागला.

ही चूक कळली ती लोकलमध्ये. ऐरोली ते रबाळे, एवढ्या एका स्टेशनात ओळखीच्या एका दादाने विचारलं, "लूपमध्ये आकडे प्रिंट करून बघितलेस का?" त्याआधी दुसऱ्या एकाने मला अख्खी चालू फाइल दिली होती. ती चालली, पण माझी का चालत नाही ते कळलंच नाही. तयार फाइल देणाऱ्यापेक्षा असा प्रश्न विचारणारा माणूस धरा, हे मी ठामपणे सांगतो.

बाकीचं थोडक्यात. खिडकीचं नाव सगळीकडे अक्षर न् अक्षर सारखं हवं. लूपमधल्या वेटकीच्या (थोडं थांबून कळ दाबली का बघणाऱ्या फंक्शनच्या) जागी टाइमचं स्लीप वापरू नका, कारण खिडकीवरची माउसची हालचाल वेटकीच हाताळतं. वरच्या मर्यादा सुरुवातीलाच १७९, २५५, २५५ ठेवा. मास्क पूर्ण पांढरा दिसेल, मग एकेक स्लायडर हलवत रंग आवळत आणा. ह्यू १७९पर्यंतच असतो, ३६०पर्यंत नाही.

पहिल्या दिवशी लाल वस्तू घेऊ नका. लाल रंग ह्यूच्या दोन्ही टोकांना विभागलेला असतो, शून्याजवळ आणि १७९जवळ. एका मास्कमध्ये तो अर्धाच येतो आणि तुम्हाला वाटतं आपलंच चुकलं. तुमचं काही चुकलेलं नसतं. दोन मास्क काढा, बिटवाइज ऑरने जोडा, लाल झाकणही पूर्ण दिसेल.