टायमिंग आणि थ्रॉटल लिंकेज : आउटबोर्डवाल्यांनो, या चुका टाळा

"आयडलला इंजिन नीट चालत नव्हतं, म्हणून दोन स्क्रू फिरवून बघितले." हे ऐकलं की मी एवढंच विचारतो, कोणते दोन? उत्तर बहुतेक वेळा मिळत नाही. जुन्या कार्ब्युरेटरच्या टू-स्ट्रोक आउटबोर्डवर, म्हणजे बोटीच्या मागे लावायच्या इंजिनावर, थ्रॉटल आणि स्पार्कची वेळ (टायमिंग) एकाच लिव्हरने हलतात. म्हणजे एक स्क्रू फिरवला की तीन सेटिंग हलतात. त्यामुळे मी ठरलेला क्रम सोडत नाही : आधी कॉम्प्रेशन आणि प्लग, मग कार्ब्युरेटरची (कार्बची) जुळणी, मग टायमिंग, मग थ्रॉटल उघडणारा कॅम आणि रोलर, आणि केबल सगळ्यात शेवटी.

आता माझ्या डोक्यात जाणारी पहिली चूक. फ्लायव्हीलजवळचा (इंजिनावरच्या जड फिरत्या चाकाजवळचा) टायमिंग पॉइंटर बरोबरच आहे, असं धरून चालणं. कित्येक इंजिनांवर तो लांबट भोकातून एका स्क्रूवर बसवलेला असतो, म्हणजे तो सरकू शकतो. हे मी शिकलो ते नुकसान करून. एक तीन सिलिंडरचं इंजिन आलं होतं. टायमिंग लाइट (ठिणगीबरोबर चमकणारा दिवा) लावली, पुस्तकातल्या आकड्यावर पॉइंटर अगदी रेघेवर रेघ आणला, आणि खूश झालो. मालकही खूश, बोट पूर्वीपेक्षा चपळ पळते म्हणाला. ते चपळ ऐकूनच माझे कान टवकारायला हवे होते. तिसऱ्या दिवशी बोट दोरीने ओढून आणली. वरच्या सिलिंडरच्या पिस्टनच्या डोक्याला करंगळी जाईल एवढं भोक. आधी कुणीतरी पॉइंटर काढून अंदाजाने परत बसवला होता. मी जे दाखवत होतो त्याहून खरं टायमिंग सहा अंश पुढे होतं. जास्त ॲडव्हान्समुळे, म्हणजे ठिणगी फार लवकर पडल्यामुळे, होणारं डेटोनेशन (इंधनाचा बेताल स्फोट) पूर्ण वेगात, पाण्याच्या आणि वाऱ्याच्या आवाजात ऐकूच येत नाही. पिस्टन वितळल्यावरच कळतं.

तेव्हापासून पॉइंटर तपासल्याशिवाय मी लाइटला हात लावत नाही. जुन्या प्लगची पोर्सेलीन फोडून त्यात एक बोल्ट बसवलाय, तोच माझा पिस्टन स्टॉप. सगळे प्लग काढायचे, पहिल्या सिलिंडरमध्ये स्टॉप लावायचा, फ्लायव्हील हाताने हळूच घड्याळाच्या दिशेने पिस्टन टेकेपर्यंत फिरवायचं आणि पॉइंटरसमोर फ्लायव्हीलवर खूण करायची. मग उलट दिशेने टेकेपर्यंत, दुसरी खूण. दोन्ही खुणांचा मध्य म्हणजे खरा टीडीसी, पिस्टन अगदी वर असतो ती जागा. स्टॉप काढून हा मध्य पॉइंटरसमोर आणायचा आणि फ्लायव्हील तसंच धरून पॉइंटर टीडीसीच्या छापील रेघेवर सरकवायचा. मोजायला शिंप्याची टेप पुरते : फ्लायव्हीलचा घेर 720 मिमी असेल तर एक अंश म्हणजे 2 मिमी. माझे ते सहा अंश म्हणजे जेमतेम 12 मिमी. उलट फिरवताना मात्र घाई नको, पाण्याच्या पंपातल्या रबरी इंपेलरच्या पात्या एका दिशेला वळून बसलेल्या असतात.

दुसरी चूक अधीर नवशिक्यांची. आयडल जास्त वाटतं म्हणून टायमिंग मागे घ्यायचं. मग गिअर टाकला की इंजिन बंद. मग केबल ताणायची. रोग रेड्याला, औषध पखालीला! दहातले नऊदा तरी मूळ कारण हेच निघतं : एका कार्बचं बटरफ्लाय (थ्रॉटलची फिरती झडप) किंचित उघडं राहिलंय. केबल काढा, कॅम रोलरपासून दूर करा, कार्ब जोडणाऱ्या पट्टीचे स्क्रू सैल करा, सगळी बटरफ्लाय बोटाने पूर्ण बंद दाबा आणि तसंच धरून स्क्रू घट्ट करा. नंतर छोटा आरसा आणि टॉर्च घेऊन बघा, लिव्हर हलवताच सगळी एकाच क्षणी हलायला हवीत. "जवळजवळ एकाच क्षणी" हे मी मान्य करत नाही.

कॅम रोलरला पुस्तकात दिलेल्या खुणेवरच लागला पाहिजे. थ्रॉटल आधी उघडलं आणि स्पार्क मागे राहिला, तर लिव्हर ढकलताच इंजिन अडखळतं. पूर्ण थ्रॉटलला बटरफ्लाय आडवी हवीत, पण जोर लिव्हरच्या स्टॉपवर यायला हवा, बटरफ्लायच्या दांड्यावर नाही. तिथे मी जराशी ढिलाई ठेवतोच.

केबलसाठी माझी कागदाची पट्टी. न्यूट्रलला आयडल स्टॉप आणि लिव्हर यांच्यामध्ये ती ठेवायची. ओढली तर न फाटता, पण थोडी अडत यायला हवी. सहज निघाली तर केबल सैल, फाटली तर जास्त ताणलेली आणि गिअर जड.

बाकीच्या थोडक्यात. पाण्याचे कप (इंजिनाला नळाचं पाणी देणारे) लावून जमिनीवर पूर्ण थ्रॉटल कधीच देऊ नका, पंख्यावर भार नसल्याने इंजिन बेफाम फिरतं. पूर्ण वेगावरचं टायमिंग टाकीत टेस्ट पंखा लावून किंवा पाण्यातच बघा. कित्येक मॉडेलांचा क्रँकिंगवरचा (इंजिन नुसतं स्टार्टरने फिरवतानाचा) आकडा आणि पूर्ण वेगावरचा आकडा वेगळा असतो, तो आपल्याच मॉडेलच्या पुस्तकातून घ्या, शेजाऱ्याच्या बोटीवरून नको. क्रँक करताना प्लगच्या वायरी अर्थ करा, म्हणजे इंजिनाच्या धातूला जोडा. पॉइंटवाल्या इंजिनात (ठिणगी उघड-बंद होणाऱ्या पॉइंटने पडते त्यात) पॉइंटचा गॅप वाढवला की टायमिंग पुढे सरकतं, म्हणून गॅप आधी. सगळं बरोबर असून टायमिंग जुळत नसेल तर फ्लायव्हीलची चावी (त्याला दांड्यावर जागच्या जागी धरणारा छोटा तुकडा) बघा, अर्धवट तुटलेली असते.

आणि लिंक सैल करण्याआधी तिची लांबी आणि लॉकनटबाहेरचे आटे मोजून वहीत लिहा. सगळे मोबाइलमध्ये फोटो काढतात, पण त्या फोटोत आटे मोजता आलेले मी अजून पाहिले नाहीत.