खाजनातील अभ्याससहलीची तयारी

गोव्यातील खाजन, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली नदीकाठची सखल शेतजमीन, दाखवण्यासाठी मुलांना आमच्या निसर्ग शिक्षण केंद्रात आणू इच्छिणाऱ्या शिक्षकांनी तारीख ठरवताना शाळेच्या वेळापत्रकाआधी भरती-ओहोटीचे कोष्टक पाहावे. मांडवी नदीच्या काठावर निवट्या (चिखलावर सरपटणारे मासे), कुर्ल्या आणि तिवराची चिखलातून वर आलेली श्वसनमुळे जवळून पाहता येतात ती पाणी उतरलेले असते तेवढ्या दोन-तीन तासांतच. कोष्टक मुरगाव बंदराचे असते आणि नदीच्या आतल्या भागात पाणी त्याहून उशिरा उतरते, हे लक्षात घेऊन मुले पोहोचल्यावर साधारण तासाभराने पूर्ण ओहोटी येईल असा दिवस निवडावा. ओहोटीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. त्यामुळे काही कारणाने सहल पुढे ढकलावी लागली तर ती एका आठवड्याने ढकलू नये, कारण तेव्हा त्याच वेळेला बहुधा भरती असेल. पंधरवड्याने ढकलल्यास पाणी जवळपास पूर्वीच्याच वेळी उतरलेले मिळते. महिन्यांपैकी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत सोयीचा, कारण बांध कोरडे असतात आणि स्थलांतरित पक्षीही आलेले असतात.

तारीख ठरताच परवानग्यांकडे वळावे. चोडण बेटावरील डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्यात जायचे असल्यास वन खात्याची परवानगी आधी घ्यावी लागते. हे अभयारण्य जेमतेम १.७८ चौरस किलोमीटरचे आहे, म्हणून तेथे एका वेळी एकच वर्ग न्यावा. रायबंदरहून फेरीबोटीने जायचे असेल तर सकाळच्या गर्दीचा वेळ हिशेबात धरावा. खाजनाचे बांध आणि मानस (बांधातले पाण्याचे झडपांचे दार) ही शेतकऱ्यांची कामाची जागा आहे. तेथे पाऊल ठेवण्यापूर्वी कुळांच्या, म्हणजे जमीन कसणाऱ्यांच्या, संघटनेला कळवणे हे सौजन्य तर आहेच, शिवाय मानस सांभाळणारी व्यक्ती भेटली तर मुलांना तिच्याकडून जे ऐकायला मिळते ते आम्हा कार्यकर्त्यांना सांगता येत नाही.

पालकांना पाठवायच्या पत्रात पादत्राणांविषयी स्पष्ट लिहावे. चपला चिखलात रुततात आणि अनवाणी पाय कालवांच्या धारदार कवचांनी कापतात, म्हणून नाडीचे जुने कॅनव्हास बूट, घरी परतण्यासाठी चपलांचा दुसरा जोड, फुल पँट, टोपी आणि पाण्याची बाटली एवढे सांगावे. न्याहारीला फोव (पोहे), केळी किंवा उकडलेले चणे डब्यात द्यावेत. वेष्टनातला खाऊ नको. दमा, ॲलर्जी किंवा नियमित औषध असलेल्या मुलांची माहिती लेखी मागवावी. १०८ ही रुग्णवाहिकेची सेवा असली तरी बांधापर्यंत गाडी येत नाही, त्यामुळे मूल उचलून आणावे लागले तर कोणत्या वाटेने आणायचे हे शिक्षकांनी आधीच चालून पाहावे.

सुरक्षिततेच्या दोन बाबतींत मुळीच सवलत देऊ नये. कुंभारजुवे कालव्यात आणि त्याला लागून असलेल्या खाड्यांत मगरींचा वावर आहे, म्हणून त्या भागात पाण्याच्या अगदी कडेला कोणी बसू नये आणि पाण्यात उतरू नये. दुसरी बाब गेवा या झाडाची. त्याचा दुधासारखा चीक त्वचेवर फोड आणतो आणि डोळ्यांत गेल्यास काही काळ दिसेनासे होऊ शकते. तिवराच्या पानांवर साठलेले मिठाचे कण मुलांनी अवश्य चाखावेत, पण झाडाची ओळख मार्गदर्शकाने पटवल्यानंतरच. तोपर्यंत कोणतेही पान तोडायचे नाही. सहा ते आठ मुलांमागे एक प्रौढ व्यक्ती असावी.

साहित्य थोडेच ठेवावे. केंद्र ना-नफा तत्त्वावर चालत असल्याने भिंगे, पांढरे ट्रे आणि चाळण्या मर्यादित आहेत. तीन-चार मुलांत एक भिंग आले तर मुले आपापसांत बोलतात, हे आम्हाला उलट हवेच असते. शाळेने कडक पुठ्ठ्याची वही, पेन्सिल, मोजपट्टी आणि झाकणाच्या दोन काचेच्या बाटल्या आणाव्यात.

सर्वांत अधिक तयारी शिक्षकांच्या मनाची लागते. मानशीच्या झडपा भरतीच्या दाबाने आपोआप मिटतात आणि ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतात, त्यामुळे खारे पाणी शेतात न येता साचलेले पाणी बाहेर जाते. हे वर्गात फळ्यावर आधीच सांगून टाकले तर मुले मानशीपाशी केवळ ऐकलेले पडताळतात. कृपया ते सांगू नये. झडप कोणत्या बाजूला उघडते, पाणी कोणत्या बाजूला चढलेले दिसते, नर फिडलर कुर्लीचा एकच डेंगा (नांगी) मोठा का असावा, असे प्रश्न तेवढे द्यावेत आणि मुलांचे उत्तर चुकले तरी निदान दहा मिनिटे दुरुस्त करू नये. घरी कोंकणी बोलणारी मुले काळुंदर, शेवटे अशा माशांची आणि खुबे अशा शिंपल्यांची नावे आपल्याहून अधिक सांगतील; ती जशीच्या तशी वहीत उतरवू द्यावीत. उचललेला दगड पूर्वीच्याच बाजूवर परत ठेवण्याचा सराव मात्र शाळेच्या अंगणात करून यावे.

निघताना एका बाटलीत मानशीच्या आतले आणि दुसरीत बाहेरचे पाणी भरून घ्यावे व बाटल्यांवर तारीख आणि जागा लिहावी. दुसऱ्या दिवशी दोन्हींतले सारख्याच मापाचे पाणी दोन बशांत ओतून उन्हात ठेवावे, मागे राहिलेले मीठ मुलांनाच तोलू द्यावे आणि आलेले आकडे केंद्राला कळवावेत, म्हणजे पुढच्या शाळेच्या आकड्यांशी ते ताडून पाहता येतील.