पहिला कॅमेरा घेताय? आधी लेन्सचे पैसे बाजूला काढा

कॅमेरा घ्यायचं ठरलं की बहुतेकांचं एकच होतं, रात्र रात्र जागून बॉडीची (म्हणजे लेन्स सोडून नुसत्या कॅमेऱ्याची) तुलना करायची, हिच्यात मेगापिक्सेल किती, तिच्यात फोकस पॉइंट किती, आणि शेवटी सगळं बजेट बॉडीत ओतून रिकामं व्हायचं, लेन्स काय डब्यात येईल ती. मीपण हेच केलं होतं. बॉडीची नवी मॉडेल्स सारखी येत राहतात आणि जुनीचा भाव धपकन पडतो, लेन्स मात्र नीट सांभाळली तर वीस वर्षंही चालते आणि विकायला काढली तरी बरे पैसे येतात. म्हणून इथे जरा उलटीकडून जाऊया.

पायरी १: आधी मोबाइल उघडा. वर्षभरात स्वतः काढलेले फोटो चाळा आणि खरंच आवडलेले तीस-चाळीस वेगळे करा. त्यात काय आहे ते बघा, कारण "मला सगळंच काढायचंय" म्हणणाऱ्याला कुठलाच कॅमेरा पुरत नाही. घरातली मुलं, मांजर, माणसांचे चेहरे असतील तर कमी उजेडात काम देणारी लेन्स लागणार. डोंगर, इमारती, प्रवास असेल तर किट लेन्स (कॅमेऱ्यासोबत डब्यात येते ती) आणि एक बरा ट्रायपॉड, बस्स. पक्षी असतील तर मन घट्ट करा, तिथे ३०० एमएमची लेन्ससुद्धा (एमएमचा आकडा मोठा तितकं लांबचं जवळ दिसतं) तोकडी पडते. आणि सगळे भर उन्हातले रुंद देखावेच निघाले तर अजून वर्षभर मोबाइलवरच भागेल, कॅमेऱ्याच्या लेखात हे लिहू नये पण खरं आहे.

पायरी २: पैशांची वाटणी. मेमरी कार्ड, एक जादा बॅटरी आणि साधी बॅग यांचे पैसे पहिल्यांदाच वेगळे ठेवा, हे नेहमी विसरतं आणि मग उधारी होते. मग लेन्सचे काढा. उरतील त्यात बॉडी. अशाने बॉडी बहुतेक वापरलेलीच घ्यावी लागेल, आणि त्यात काही बिघडत नाही.

पायरी ३: बॉडी. मेगापिक्सेलचं खूळ आधी डोक्यातून काढा. २४ मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे साधारण ६००० बाय ४००० पिक्सेल, आणि ए४ कागदावर ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) झकास प्रिंट काढायला ९ मेगापिक्सेलही लागत नाहीत. त्यामुळे १६ असो की २४, पहिल्या कॅमेऱ्याला भरपूर झाले. सेन्सर, म्हणजे फोटो टिपणारी चिप, एपीएस-सी आकाराचा घ्या. त्याहून मोठा फुल फ्रेम (३६ बाय २४ मिलिमीटर) चांगलाच असतो पण त्याच्या लेन्सा महाग आणि जड, बॉडी कशीबशी परवडली तरी पुढे हात आखडतो.

डीएसएलआर (आत आरसा असलेला) की मिररलेस (आरसा नसलेला)? मिररलेस लहान असतो, फोटो कसा येणार ते आधीच दिसतं, नव्या बॉडीत डोळ्यांवर आपोआप फोकस होतो, पण बॅटरी पटकन संपते. डीएसएलआर वापरलेला स्वस्त मिळतो आणि जुन्या लेन्सांचा नुसता खजिना असतो, निकॉनचा एफ माउंट (माउंट म्हणजे लेन्स बॉडीला बसते तो सांधा) १९५९ पासूनचा, कॅननचा ईएफ १९८७ पासूनचा. कॅननची ईएफ लेन्स पुढे आरएफ माउंटच्या मिररलेसवर अ‍ॅडॅप्टर लावून ऑटोफोकससकट चालते, म्हणजे पैसे वाया जात नाहीत. कॅननचेच ईएफ-एम माउंटचे मिररलेस स्वस्तात दिसतील, पण तो माउंट बंद झालाय, पुढे वाट नाही. निकॉनमधे एक गोची आहे, डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या बॉडीत फोकसची मोटर नसते, त्यामुळे स्वतःची मोटर नसलेली जुनी एएफ-डी लेन्स लावली तर फोकस हातानेच करावा लागतो. तिथे आत मोटर असलेली, एएफ-एस लिहिलेली बघून घ्या. बाकी कंपनीवरून भांडत बसू नका, ज्या मित्राकडे किंवा बहिणीकडे लेन्सा आहेत त्यांचाच माउंट घ्या, मागून वापरता येतात!

पायरी ४: लेन्स. १८-५५ किट लेन्स मिळत असेल तर घ्या, वाईट नाही ती. फक्त झूम केल्यावर तिचं अ‍ॅपर्चर एफ ५.६ वर येतं (अ‍ॅपर्चर म्हणजे उजेड आत येण्याचं छिद्र, आकडा मोठा तितकं छिद्र लहान), आणि एफ १.८ ची प्राइम (झूम न होणारी लेन्स) त्याच्या जवळजवळ दहापट उजेड आत घेते, म्हणजे घरात संध्याकाळी जिथे किट लेन्सला १/१५ सेकंद लागतो आणि पोरगं हललं की फोटो गेला, तिथे प्राइमने १/१२५ सहज मिळतो. सगळे ५० एमएम एफ १.८ सांगतात कारण ती स्वस्त आहे, पण एपीएस-सीवर ती ७५-८० एमएमसारखी दिसते, चेहऱ्याला मस्त, खोलीत मात्र पाठ भिंतीला टेकते तरी माणूस मावत नाही. घरातल्या फोटोंना ३५ बरी. ठरत नसेल तर किट लेन्सला चिकटपट्टी लावून एक आठवडा ३५ वर आणि एक आठवडा ५० वर अडकवून ठेवा, काय जमतं ते आपोआप कळतं.

पायरी ५: वापरलेलं घेताना. मी एकदा संध्याकाळच्या अंधुक उजेडात लेन्स घेऊन आलो आणि सकाळी बघतो तर आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी. तेव्हापासून खिशात टॉर्च असतो. लेन्सच्या एका टोकाकडून टॉर्च मारायचा, दुसरीकडून बघायचं, बुरशी किंवा धुरकटपणा दिसला तर सरळ नमस्कार. चारदोन धूळकण सगळ्यांतच असतात, त्याचं काही नाही. अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर तेल नको. मग एफ १६ वर आकाशाचा किंवा पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा, सेन्सरवरचे डाग लगेच दिसतात. डीएसएलआरचा शटर काउंट (आजवर किती फोटो काढले तो आकडा) विचारा, सुरुवातीच्या बॉडींचं शटर साधारण १ लाख फोटोंसाठी धरलेलं असतं, त्यामुळे ८० हजार झालेली असेल तर भाव पाडून मागा. आणि स्वतःचं कार्ड घेऊन जा, दहा-वीस फोटो काढा, शक्य असेल तर मोठ्या स्क्रीनवर बघा, पैसे त्यानंतर.