खासगी ट्रान्सफॉर्मर: आधी ब्रेकर, मग केबल

केळी पिकवायचं चेंबर, जिनिंग किंवा डाळ मिलसाठी स्वतःचा ट्रान्सफॉर्मर घेत असाल, तर केबल दुकानदाराच्या अंदाजावर घेऊ नका. आधी फुल लोड करंट, म्हणजे पूर्ण भारावर वाहणारा प्रवाह, काढा. ११ केव्ही/४३३ व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरचे केव्हीए (त्याची क्षमता) गुणिले १.३३ केले की एलटी, म्हणजे ४३३ व्होल्टच्या बाजूचे अँपिअर मिळतात. १०० केव्हीएला साधारण १३३. एचटी, म्हणजे ११ केव्हीच्या बाजूला जेमतेम सव्वापाच.

एलटीला १६० अँपिअरचा एमसीसीबी (करंट जादा झाला की आपोआप पडणारा ब्रेकर) लावा, त्याचं थर्मल सेटिंग, म्हणजे ओव्हरलोडची मर्यादा, १३३ च्या जवळ ठेवा. केबल मात्र पूर्ण १६० पेलेल अशीच हवी, कारण ब्रेकर वारंवार पडायला लागला की कुणीतरी सेटिंग वर सरकवतंच. त्यात आपलं ऊन! केबलच्या तक्त्यातले आकडे सहसा ४० अंश हवेसाठीचे असतात. मे महिन्यात भुसावळला पारा ४५ ला टेकतो, पत्र्याच्या शेडखाली त्याहून जास्त. पीव्हीसी केबलची करंट पेलायची ताकद ५० अंशांना सुमारे ०.८२ पटच उरते. म्हणून तक्त्यात निदान १९५ अँपिअर (१६० भागिले ०.८२) दिसणारी केबल निवडा. एक्सएलपीई (जास्त उष्णता सोसणाऱ्या इन्सुलेशनची) केबल घेतली तर ही घट कमी.

एचटी फ्यूज सव्वापाचचा टाकू नका. ट्रान्सफॉर्मर चार्ज होताना क्षणभर आठ-बारा पट करंट ओढतो, त्यात तो उडेल. उत्पादकाच्या तक्त्यातला मोठा घ्या. तो शॉर्टसर्किटसाठी असतो, ओव्हरलोड सांभाळायचं काम एलटीच्या ब्रेकरचं. आणि उडालेल्या फ्यूजच्या जागी जाड तार पिळायची डीपीवरची सवय इथे अजिबात नको, वाइंडिंगच जळेल.